मुंबई किती तासांवर आहे?

आमच्या शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी मुंबईहून मुलाखतीचे बोलावणे आले. दिवस बुधवार, वेळ सकाळी अकराची, ठिकाण अंधेरी. मुलाखतीत काय विचारतील हे बाजूलाच राहिले आणि घरात खल सुरू झाला तो निघायचे कधी याचा. गोव्यातल्या म्हापशाहून संध्याकाळी सहाच्या बसने निघाला तर सकाळी सातपर्यंत सायनला उतरेल, असे त्याच्या काकांचे म्हणणे. मागच्या खेपेला तीच बस साडेदहाला पोहोचली होती, असे मामांनी सांगितले. विमानाचे तिकीट त्या आठवड्यात परवडण्यासारखे नव्हते आणि रेल्वेची प्रतीक्षायादी हलत नव्हती. शेवटी मुलगा सोमवारी संध्याकाळीच घराबाहेर पडला, मंगळवारचा अख्खा दिवस त्याने डोंबिवलीला आत्याकडे काढला, बुधवारी वीस मिनिटांची मुलाखत दिली आणि गुरुवारी सकाळी परतला. कुंडईच्या ज्या कारखान्यात तो कामाला आहे तिथे त्याची तीन दिवसांची रजा बिनपगारी लागली.

आता गोवा आणि मुंबई यांमधले अंतर म्हणून जे आकडे आपल्याला सांगितले जातात ते पाहू. उत्तर गोव्यातला मोपचा नवा विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ यांमध्ये सरळ रेषेत सुमारे ३८५ किलोमीटर अंतर आहे. दाबोळीच्या जुन्या विमानतळाहून मोजले तर ते आणखी चाळीसेक किलोमीटरने वाढते. विमान हवेत असते ते पाऊण ते एक तास, आणि धावपट्टीवरची रांग व मुंबईच्या आकाशात मारावी लागणारी घिरटी धरून वेळापत्रकात सव्वा तास लिहिलेला असतो. रस्त्याने पणजी ते मुंबई हे अंतर, तुम्ही कोकणातून जाता की कोल्हापूर-पुण्यावरून, आणि मुंबईत नेमके कुठे उतरता, यावर साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर भरते आणि त्याला दहा ते बारा तास लागतात असे सांगितले जाते. हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र त्यांतला एकही त्या मुलाच्या उपयोगाचा नव्हता. त्याला हवे होते ते वेगळेच उत्तर: अकरा वाजता अंधेरीला नक्की असायचे असेल, तर किती वेळ हाताशी ठेवून निघावे लागेल? ते उत्तर त्याच्या घरच्यांनी अनुभवातून काढले आणि ते बारा तासांचे नव्हते, चाळीस तासांचे होते.

या वेळेला मी ‘राखून ठेवावा लागणारा वेळ’ म्हणेन. दोन शहरांमधले खरे अंतर तेच, असे माझे म्हणणे आहे. रस्ते, पूल आणि विमानतळ यांवर सरकारे जो पैसा खर्च करतात त्याची फळे याच मापाने तपासली पाहिजेत. सरासरी वेळ ही वाहनाची असते. माणसाला घर सोडायचे असते ते वाईटात वाईट दिवस गृहीत धरून, कारण परीक्षा, मुलाखत, न्यायालयाची तारीख, डॉक्टरांची वेळ किंवा घरातले मर्तिक यांना सरासरीशी काही देणेघेणे नसते. दहा वेळा बस बारा तासांत पोहोचली आणि अकराव्या वेळी सतरा तास लागले, तर शहाणा माणूस बाराव्या वेळी सतरा तासच धरून चालतो. म्हणजे त्या एका वाईट दिवसाची किंमत तो पुढच्या प्रत्येक प्रवासात मोजत राहतो.

विमानाने तरी हा प्रश्न सुटतो का, हे मी स्वतःच्या एका प्रवासावरून सांगतो. मोपहून पावणेदहाचे विमान होते. साखळीहून घर सोडले सव्वासहाला, कारण मुख्य रस्त्यावर कुठे अडकलो तर विमान चुकेल ही धाकधूक. टॅक्सी आदल्या दिवशी ठरवून ठेवावी लागली. साडेसातला विमानतळावर पोहोचलो आणि पुढचे दोन तास सामान देणे, तपासणी आणि बसून राहणे यांत गेले. विमान वेळेवर सुटले, वेळेवर उतरले. त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. सामान घेऊन बाहेर पडायला पावणेबारा झाले आणि गिरगावात मावसभावाच्या दारात पाऊल ठेवले तेव्हा घड्याळात सव्वा वाजला होता. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत सात तास, आणि त्यातला हवेतला वेळ एक तासाच्या आतला. परतीचा प्रवास रात्रीचा होता. मोपला उतरलो तेव्हा साखळीकडे जाणारी एकही बस नव्हती आणि शेवटच्या चाळीसेक किलोमीटरसाठी टॅक्सीला जे पैसे दिले, त्यांत कोकणातून मुंबईला जाणाऱ्या बसचे तिकीट आले असते.

तरीही मी विमानाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. ते सात तास बव्हंशी सातच राहतात. पावसाळ्यात विमान दुसरीकडे वळवले जाते, धुके असते, हे खरे. पण प्रवाशाला राखून ठेवावा लागणारा वेळ आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ यांत फार तफावत पडत नाही. विमानाने जाणारा माणूस खरे तर भरवसा विकत घेतो. वेग ही त्यानंतरची गोष्ट झाली. ज्याला तो भरवसा परवडत नाही त्याच्यावर रस्त्याची अनिश्चितता येऊन पडते. मुंबईला आणि पुण्याला जाणारा पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा भागातला बहुसंख्य माणूस या दुसऱ्या वर्गात मोडतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आठवड्यात तर दोन्ही बाजूंनी अडचण होते: विमानाचे भाडे चढते आणि नेमका तेव्हाच चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग तुंबतो.

अंतर म्हणजे केवळ भूगोल नव्हे, हे गोव्याइतके कोणाला कळायला हवे होते! माझे आजोबा आगबोटीने मुंबईला जात. पणजीच्या धक्क्यावरून निघालेली बोट कोकणातली बंदरे घेत घेत भाऊच्या धक्क्याला लागायला जवळजवळ रात्रंदिवस लागे, आणि पावसाळ्यात ती बंदच असे. रेल्वेने जायचे तर कॅसलरॉक, लोंढा, मिरज असा वळसा घ्यावा लागे. पुढे १९५५ साली भारत सरकारने पोर्तुगीज सत्तेविरुद्ध आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा कॅसलरॉकची गाडीही थांबली. त्याच सुमारास पोर्तुगिजांनी दाबोळीचा विमानतळ उभारला आणि तिथून कराचीला विमाने जाऊ लागली. म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरवरच्या मुंबईत गोमंतकीयांची हजारो बिऱ्हाडे असताना तिथे सरळ जायचा मार्ग बंद, आणि दूरचे कराची मात्र जवळ. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि ते अंतर एका रात्रीत पुन्हा कमी झाले. जमीन तीच होती, धोरण बदलले होते.

कोकण रेल्वेने हे अंतर दुसऱ्यांदा कमी केले. २६ जानेवारी १९९८ रोजी ती पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मिरजेच्या वळशाने अख्खा दिवस खाणारा प्रवास एका रात्रीत बसला. जून २०२३ मध्ये मुंबई ते मडगाव वंदे भारत गाडी सुरू झाली. ती कोरड्या हंगामात पावणेआठ तास घेते. थिवीला चढणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला हा हिशेब विमानाच्या जवळ जाणारा आहे. पण रेल्वेचाही एक कच्चा दुवा आहे. पावसाळी वेळापत्रक लागू झाले की दरडींच्या भीतीने वेग उतरतो आणि प्रवास लांबतो. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्यातली भिंत कोसळली. जुलै २०२४ मध्ये त्याच परिसरातल्या बोगद्यात पाणी भरले आणि गाड्या रद्द कराव्या लागल्या. शिवाय बऱ्याच भागात एकच रूळ असल्यामुळे एक गाडी रखडली की समोरून येणारीही खोळंबते. दुहेरीकरणाची मागणी अनेक वर्षे होते आहे. गोव्यातल्या सर्व पक्षांनी एकमुखाने लावून धरावी अशी ही मागणी आहे, कारण भरवसा स्वस्तात देण्याची ताकद रेल्वेइतकी दुसऱ्या कशातही नाही.

आता रस्ता. ज्याला आपण अजूनही सवयीने मुंबई-गोवा महामार्ग म्हणतो तो पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि आताचा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. त्या वर्षी शाळेत घातलेले मूल दहावी होऊन बाहेर पडले तरी रस्ता पुरता झाला नव्हता. संसदेत मुदती सांगितल्या गेल्या, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकांवर मुदती सांगितल्या गेल्या, प्रत्येक चवथीच्या आधी खड्डे बुजवण्याच्या मुदती वेगळ्या सांगितल्या गेल्या. सुधारणा काहीच झाली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कशेडी घाटातल्या बोगद्याने एक अवघड चढ टळला, सिंधुदुर्गातला रस्ता आता मोकळा वाहतो, गोव्याच्या हद्दीत जुवारीवरचा नवा पूल झाल्यापासून दक्षिण गोव्याचा एक जुना खोळंबा संपला. पण राखून ठेवावा लागणारा वेळ ठरतो तो सर्वांत वाईट तुकड्यावरून. चारशे किलोमीटर सुंदर रस्त्यावर तुम्ही तासभर वाचवलात आणि माणगावच्या बाजारपेठेत दोन तास उभे राहिलात, तर वाचलेला तास कोणाच्याच पदरात पडत नाही.

तीन वर्षांमागे माझी आत्या मुंबईत वारली. रात्री दहाला निरोप आला. साडेदहाला मिळेल त्या गाडीने आम्ही चौघे निघालो. सकाळी दहाला नेणार, असे ठरले होते आणि तेवढ्या वेळात पोहोचणे शक्य होते. पहाटे कोलाडच्या अलीकडे रस्ता एका बाजूला वळवला होता, पुढे मालवाहू ट्रक आडवा झालेला, आणि मागे-पुढे नजर जाईल तिथवर लाल दिवे. वडिलांनी तीन तासांत एकदाही तोंड उघडले नाही. हातातला रुमाल घडी घालून उलगडत राहिले. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळे आटोपून माणसे घरी परतली होती. बहिणीचे शेवटचे दर्शन वडिलांना घडले नाही. कोणत्या खात्याने किंवा कोणत्या ठेकेदाराने ते तीन तास घेतले, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि माझा मुद्दा नेमका हाच आहे की ते सांगण्याची सोयच कुठे नाही.

विमानाच्या बाबतीत ती आहे. उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर प्रवाशाला दुसरे विमान किंवा पूर्ण भाडे परत मिळावे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. रेल्वे तीन तासांहून अधिक उशिरा सुटत असेल आणि प्रवाशाने प्रवास करायचा नाही असे ठरवले, तर तिकिटाचे पैसे परत मागता येतात. रस्त्यावरच्या प्रवाशाला मात्र असा कोणताच हक्क नाही. उलट जिथे टोलनाका आहे तिथे तो कोंडीत अडकण्याचे पैसे मोजून पुढे जातो. या दृष्टीने २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या पालियेक्करा टोलनाक्याबाबत दिलेला निर्णय फार मोलाचा आहे. रस्त्याची दुरवस्था आणि कोंडी यांमुळे तिथली टोलवसुली केरळ उच्च न्यायालयाने थांबवली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती कायम ठेवली. रस्त्याचा पैसा घेणाऱ्याने वेळेचीही जबाबदारी घेतली पाहिजे, हे तत्त्व त्यातून निघते. ते तत्त्व ६६ क्रमांकाच्या महामार्गाच्या मुंबई-गोवा टप्प्यावर सर्वत्र टोल सुरू होण्याआधी लिहून घेतले पाहिजे. एकदा वसुली सुरू झाली की ते लिहून घ्यायला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागेल.

मुंबईची चर्चा करताना आपण बेळगाव विसरतो, आणि हे बरे नव्हे. पणजीहून बेळगाव सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. इथे विमानाचा प्रश्नच उद्भवत नाही. चोर्ला घाटातून शंभर-सव्वाशे किलोमीटर जायचे आणि तीन तास धरायचे. लग्नाचा बस्ता, दवाखाना, मुलांचे कॉलेज, नातेवाईक यांसाठी सत्तरी-डिचोलीचा माणूस मुंबईपेक्षा कितीतरी अधिक वेळा बेळगावला जातो. पावसाळ्यात घाटात एखादे झाड आडवे पडले किंवा अवजड ट्रक वळणावर अडकला की हे तीन तास सहा होतात. तसेच उलट दिशेने सावंतवाडी-दोडामार्गचे रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात येतात. त्यांच्यासाठी साठ किलोमीटरांतला अर्ध्या तासाचा फरक म्हणजे काय, हे तिथल्या अपघात विभागाच्या दारात एक रात्र उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे. या छोट्या अंतरांवर उद्घाटनाच्या फिती कापल्या जात नाहीत, म्हणून ती धोरणातून निसटतात.

याउलट मोठ्या अंतरांचे आकडे आपल्यापुढे सतत ठेवले जातात. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पात्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग महाराष्ट्र सरकारने योजला आहे, आणि त्यामुळे नागपूर ते गोवा हा अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल असे सांगितले जाते. कोल्हापूर आणि सांगलीच्या शेतकऱ्यांनी त्याला कसून विरोध केला आहे. त्यांच्या बागायती जमिनींचा प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर गोव्यात बसून देणे मला शोभणार नाही. गोवेकर म्हणून मी एवढेच विचारतो की हे दहा तास वाचवलेली गाडी पात्रादेवीला उतरल्यावर ज्या रस्त्यांवर येईल, त्यांचे काय? तिथून आमच्या गावांपर्यंतच्या रस्त्यांची रुंदी, वाहतुकीची शिस्त आणि पाण्याचा निचरा यांवर आधी खर्च व्हायला हवा. आणि हाती घेतलेला महामार्ग पूर्ण होऊन त्याची वेळ भरवशाची झाल्याखेरीज दुसऱ्या महामार्गाची आठ तासांची हमी लोकांनी कशाच्या आधारावर मानायची?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. गोव्याची अर्थव्यवस्था पर्यटनावर चालते, पर्यटक विमानाने येतो, म्हणून विमानतळ आणि त्याला जोडणारे रस्ते यांना अग्रक्रम दिला तर त्यातून शेवटी आपल्याच मुलांना रोजगार मिळतो, असे म्हणतात. मोपचा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्यातल्या काहींना तिथे काम मिळाले, हे मला माहीत आहे. पण मोप, चांदेल, वारखंड, कासारवर्णे या गावांनी आपल्या पठाराची जमीन दिली, तिथल्या काजूच्या बागा आणि गुरांची चरणीची राने गेली. त्या बदल्यात त्यांना केवळ पर्यटकांची ये-जा पाहायला मिळावी, हा सौदा पुरेसा न्याय्य नाही. धारगळहून विमानतळापर्यंत उन्नत सहापदरी रस्ता झाला आणि पर्यटकाची काही मिनिटे वाचली. त्याच रस्त्याखालून जाणाऱ्या गावकऱ्याला मुंबईला जायचे झाले तर तो अजूनही पिशवी घेऊन महामार्गावर उभा राहतो आणि बस कधी येईल ते ड्रायव्हरला फोन करून विचारतो. पर्यटकाचे मिनिट आणि गावकऱ्याचे मिनिट यांची किंमत सरकारी हिशेबात सारखी धरली, तर खर्चाचा क्रम बदलेल, आणि तो बदलला पाहिजे.

तो बदलण्यासाठी फार मोठ्या रकमा लागणार नाहीत. पहिल्यांदा मोजणी सुरू करावी. बहुतेक आंतरराज्य बसमध्ये आता ती कुठे आहे हे कळवणारे यंत्र असते. त्यातून मुंबई, पुणे आणि बेळगाव या तीन मार्गांवर दर महिन्याला शंभरातल्या पंच्याण्णव बस किती तासांत पोहोचल्या, हा एक आकडा काढून म्हापसा, पणजी आणि मडगावच्या स्थानकांवर लावता येईल. सरासरी लावू नये, ती दिशाभूल करते. तो आकडा महिन्यागणिक वर गेला तर विधानसभेत प्रश्न विचारायला आमदाराच्या हाती काहीतरी असेल, आणि खाली आला तर ज्या अभियंत्याने तो आणला त्याला श्रेयही मिळेल.

दुसरे काम शेवटच्या चाळीस किलोमीटरचे. मोपहून पणजी, म्हापसा, मडगाव आणि किनाऱ्याकडे कदंब या गोव्याच्या परिवहन महामंडळाच्या बसगाड्या सुरुवातीपासून धावतात; ही चांगली सोय आहे आणि तिचाच विस्तार व्हावा एवढे मागणे आहे. थिवी स्थानकावर मुंबईची गाडी येते तेव्हा बाहेर डिचोली-साखळीची बस उभी असेल, गाडी उशिरा आली तर बसही थांबेल, अशी व्यवस्था करायला रेल्वे आणि परिवहन महामंडळ यांच्यात एका दूरध्वनीची सोय पुरेशी आहे. विमानतळावर रात्रीचे शेवटचे विमान उतरल्यानंतर तासाभराने एक बस डिचोली-साखळी-वाळपईला आणि एक पेडण्याच्या गावांतून जावी. पहिले काही महिने तिच्यात चार-पाचच माणसे असतील. प्रवासी नाहीत म्हणून ती बंद करायची नाही, एवढे मात्र आधी ठरवून ठेवावे लागेल, कारण आज आहे आणि उद्या नाही अशा बसवर विसंबून कोणी तिकीट काढत नाही. लोकांना तिची खात्री पटायला एक पावसाळा आणि एक चवथ जावी लागेल.